विश्वासाचे खेळ आणि आमची अब्रू

शिक्षकाकडे किस्से साठतात ते स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. एकही आपण मुद्दाम आणलेली नसते, पण टाकवत एकही नाही. मग कपाट उघडलं की सगळ्या एकदम अंगावर येतात.

आमचं कपाट शनिवारी उघडतं. सकाळची शाळा सुटली की घोडेगावच्या स्टँडसमोर चहाला आम्ही तिघं जमतो. मी डिंभ्याच्या वर, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका वाडीवर शिकवते. बोऱ्हाडे सर माझ्या अलीकडच्या शाळेवर असतात. साळवे सरांची शाळा डोंगराच्या पलीकडे, जुन्नर तालुक्यात, घाटघरच्या अंगाला आहे, पण घर घोडेगावात, त्यामुळे शनिवारी तेही जुन्नरवरून उतरतात. आमचा नियम एकच. आठवड्यात ज्याची अब्रू जास्त गेली, त्याने आधी बोलायचं.

यंदा बोलायला तोटा नाही. कारण यंदा आमच्याकडे मुलांमध्ये विश्वास आणि सहकार्य वाढवणारे खेळ आले. मुलांचं काय वाढलं ते शेवटी सांगते. आमची अब्रू मात्र पार गेली.

*

सुरुवात प्रशिक्षणापासूनच झाली. दोन्ही तालुक्यांचे शिक्षक एका हॉलमध्ये कोंबले होते आणि पुण्याहून एक तरुण मुलगी शिकवायला आली होती. तिने आमच्या गटापुढे वर्तमानपत्राचं एक मोठं पान पसरलं. म्हणाली, सगळ्यांनी यावर उभं राहायचं. मग मी पान अर्धं दुमडीन, मग पाव करीन. कोणाचाही पाय जमिनीला लागता कामा नये. एकमेकांना धरा, उचला, काहीही करा.

पहिली दहा मिनिटं आम्ही गटप्रमुख कोण यावर चर्चा केली. मग बोऱ्हाडे सर पानावर जाऊन उभे राहिले. सरांची तब्येत अशी आहे की पान तिथेच संपलं. त्यांना थोडं कडेला व्हा म्हटलं तर म्हणाले, मी आधीपासून उभा आहे.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आता बायका आणि पुरुष एकाच पानावर कसे उभे राहणार, हा प्रश्न निघाला. कोणी तोंडाने काढला नाही, सगळे नुसते भिंतीकडे बघायला लागले. शेवटी आमच्यातल्याच एका ज्येष्ठ बाईंनी हात वर केला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "म्याडम, लेडीजसाठी वेगळा पेपर नाही का?"

ती मुलगी हसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. तिने दुसरं पान दिलं. आम्ही दोन्ही पानांवर व्यवस्थित उभे राहिलो, फोटो काढला आणि सहकार्याचं प्रमाणपत्र घेऊन घरी आलो.

*

तरी मी ते खेळ मनावर घेतले, त्याला कारण श्रावणी.

श्रावणी माझ्याकडे पाचवीत आहे. वाडीवरची बरीच घरं भातशेती करतात आणि उरलेल्या वेळात धरणात जाळी टाकतात. गेल्या वर्षी एका सकाळी लक्ष्मणभाऊंची आणि आणखी दोघांची जाळी फाटलेली निघाली. चांगली उभी चिरलेली. त्या दिवशी पहाटे पाण्यावर श्रावणीचे वडील, किसनभाऊ, एकटेच गेले होते. बस, तेवढ्यावर ठरलं. भांडण झालं नाही, शिवीगाळ नाही. किसनभाऊंच्या घराशी बोलणं तेवढं बंद झालं.

घरात बंद झालं की शाळेतही होतं. खेळात गोल करायला सांगितलं की श्रावणीच्या दोन्ही बाजूंचे हात आपोआप खिशात जायचे. ती स्वतःचेच दोन हात एकमेकांत धरून उभी राहायची. किसनभाऊ मला म्हणाले होते, असंच चाललं तर पोरीला जुन्नरकडे आश्रमशाळेत घालतो, तिथं तिला कोणी ओळखत नाही. श्रावणीला जायचं नव्हतं. तिने मला एकदाच सांगितलं, फळा पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून. "बाई, मला हितंच राहायचंय."

म्हणून मी खेळ सुरू केले. प्रमाणपत्र होतंच.

*

पहिला खेळ रिंगणांचा. अंगणात खडूने रिंगणं काढायची, गाणं थांबलं की सगळ्यांनी रिंगणात शिरायचं. दर वेळी एक रिंगण पुसायचं, पण आउट कोणीच व्हायचं नाही. उरलेल्या रिंगणात सगळ्यांनी दाटीवाटीने मावायचं.

मुलांना आउट नसलेला खेळ ठाऊकच नव्हता. रिंगणाबाहेर राहिला की पोरगा मान खाली घालून थेट वर्गात जाऊन बसायचा. मी एकेकाला धरून परत आणायची. शेवटी एकच रिंगण उरलं. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी सगळी त्यात चिकटली. मी खूश होऊन टाळ्या वाजवल्या आणि सगळे जिंकले असं जाहीर केलं.

पहिलीतल्या एका पोराने विचारलं, "मंग हारलं कोण?"

कोणीच नाही, मी म्हटलं. त्याला काही पटलं नाही. मी तोवर फोटो काढला आणि आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सगळे जिंकले.' बोऱ्हाडे सरांनी अंगठा पाठवला. साळवे सर फोटो मोठा करून बघणाऱ्यांतले. त्यांचा मेसेज थोड्या वेळाने आला. 'फोटोच्या डाव्या कडेला एक पाय दिसतोय. तो कोणाचा?'

मी फोटो मोठा करून पाहिला. पाय रिंगणाबाहेर होता, श्रावणीचा. मग फोन पालथा ठेवला. त्या शनिवारी चहाला पहिला नंबर माझा होता.

*

त्यानंतरचा नंबर बोऱ्हाडे सरांनी पटकावला.

त्यांनी शाळेत डोळे बांधून चालण्याचा खेळ घेतला. एकाच्या डोळ्यांवर फडकं, दुसऱ्याने नुसत्या आवाजाने त्याला अंगणातून न्यायचं. मध्ये बादल्या, विटा, एक उलटं घमेलं आणि शेजारच्या म्हशीने आपणहून करून ठेवलेली व्यवस्था. मुलं घाबरली. मग सर म्हणाले, घाबरायचं काय, जोडीदारावर भरवसा ठेवला की झालं, हे बघा मीच करून दाखवतो.

सरांनी जोडीदार निवडला तो तिसरीतला एक बारका मुलगा. पोराने 'डावीकडं, सर', 'थांबा, सर' करत त्यांना जीव ओतून नेलं. सर झोकात चालले. बादलीला वळसा, विटांना वळसा, आणि म्हशीच्या व्यवस्थेवरून तर एक लांब ढांग. पलीकडे पोहोचून त्यांनी फडकं सोडलं आणि विचारलं, काय शिकलो आपण?

पोराने एकदा सरांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सर, शेणाचं मी सांगितलंच नव्हतं."

सरांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा चहाचा कप तोंडापाशी धरला होता, म्हणजे चेहरा दिसू नये. फडकं जरा वर सरकलं होतं, असं त्यांचं म्हणणं. ते पोरगं आता सरांना नमस्कार करतं, पण सर फळ्यावर गणित सोडवायला लागले की पाटीवर स्वतः पुन्हा करून बघतं म्हणे.

*

साळवे सर आम्हा दोघांना हसून घेत होते. सर मोजकं बोलणारे. त्यांच्या शाळेत हातांच्या गाठीचा खेळ छान बसला होता. सगळ्यांनी गोलात उभं राहून समोरच्या कोणाचे तरी हात धरायचे, गाठ होते, आणि हात न सोडता, वाकून, खालून, वरून ती सोडवायची.

खेळ रंगात आला असताना वरचे एक साहेब अचानक भेटीला आले. साहेब उत्साही. म्हणाले, मीही येतो. गाठीत शिरले. एक हात एका मुलीच्या हातात, दुसरा एका मुलाच्या, आणि मान कोणाच्या तरी दंडाखाली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

साहेब हात सोडवायला लागले. मुलांनी सोडला नाही. नियम म्हणजे नियम. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. साहेबांचा चेहरा बघून बाहेर उभ्या असलेल्या एका चिमुरडीला दया आली. तिने खिशातून फोन काढला, हिरवं बटण सरकवलं, स्पीकर लावला आणि टाचा उंचावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून त्यांच्याही वरचे साहेब विचारत होते, कुठे आहात? दंडाखालून साहेब म्हणाले, जुन्नरला, मीटिंगमध्ये बसलोय, सर.

अख्खी गाठ हसायला लागली. हसली म्हणजे हात सोडून नाही, तशीच गुंतलेल्या अवस्थेत. फोन बंद झाल्यावर साहेब कानापर्यंत लाल झाले. त्यांची मान ज्याच्या दंडाखाली होती त्या पोराने त्यांची समजूत काढली. "असूं द्या, साहेब. आमचं सर पन घरी फोनवर असंच सांगत्यात."

साळवे सर त्या शनिवारी चहाला आले, सांगून टाकलं आणि पहिल्या गाडीने, म्हणजे पायी, घरी गेले. वहिनींनी फोन करायच्या आत.

*

आता माझ्या वाडीवरचं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं. दर वर्षी उतरतं, पण यंदा जरा जास्तच. जाळी फाटली होती तिथे पाण्याखालून एक खोड वर आलं. गाव बुडालं त्याआधीचं, जुन्या आंब्याचं. वरून तोडलेलं आणि बाजूने विळ्यासारखं धारदार उभं फाटलेलं. त्याच्या दातांत जाळ्याचे निळे तुकडे अडकलेले. वाडीवरच्या सगळ्यांनी जाऊन पाहिलं. म्हाताऱ्यांनी तर झाडही ओळखलं, कोणाच्या बांधावरचं ते सांगितलं.

मला वाटलं, सुटलं एकदाचं. आता लक्ष्मणभाऊ उठतील आणि किसनभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसतील. आमच्याकडे माफी मागत नाहीत. नुसतं जाऊन बसायचं आणि चहा मागायचा. समोरच्याने चहा टाकला की मिटलं. इतकं सोपं आहे.

कोणी गेलं नाही. आधी रागाने जात नव्हते, आता लाजेने जाईनात. कोणत्या तोंडाने जायचं? आणि राग निदान थकतो. लाज रोज ताजी होते. लक्ष्मणभाऊ किसनभाऊंना समोरून येताना पाहिलं की आता वाटच बदलायचे. किसनभाऊंना काय वाटणार? त्यांना वाटलं, खोड दिसलं तरी ही माणसं आपल्याला चोरच समजतात.

शाळेतही तेच. लक्ष्मणभाऊंचा ओमकार श्रावणीच्याच वर्गात आहे. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे, ते जाळ्याचं खोटं निघालं ना? तो म्हणाला हो. मग तिच्याशी बोलत का नाहीस? त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

"बाई, बोलू नको असं घरून सांगितलं व्हतं. आता बोल असं कोणी सांगितलंच नाय."

*

मग मी माझं डोकं चालवलं. ते चालवायला नको होतं.

पालक सभा बोलावली. चहा, बिस्किटं आणि खेळ. दोघांनी पाठीला पाठ लावून जमिनीवर बसायचं, कोपरात कोपर अडकवायचे आणि एकमेकांच्या पाठीवर रेलून उठायचं. एकट्याच्या जोराने उठता येत नाही, दोघांनी रेलावंच लागतं. जोड्या मी लावणार होते. मुलं गोल करून बघायला बसली होती. मी दोन-तीन सोप्या जोड्या उठवल्या आणि मग, जणू सहजच, किसनभाऊ आणि लक्ष्मणभाऊंची नावं घेतली.

बाईमाणसाने चारचौघांत सांगितलंय म्हणून नाही म्हणता येईना. दोघं येऊन बसले. पाठीला पाठ लागली म्हणण्यापेक्षा शर्टाला शर्ट लागला. कोपर अडकवले ते दुसऱ्याच्या अंगाचा चटका बसतोय असे. मी म्हटलं, आता रेला, एक, दोन, तीन.

दोघंही रेलले नाहीत. दोघांनी आपापला एक हात सोडवला, जमिनीवर टेकला आणि आपापल्या गुडघ्यांवर जोर देत, कण्हत, आपापले उठले. आणि दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघून सांगितलं, "झालं, बाई."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे मुलांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते. श्रावणी उठून नळावर हात धुवायला गेली. हात स्वच्छच होते.

जाताना किसनभाऊ माझ्याजवळ थांबले. आवाज चढवला नाही. म्हणाले, बाई, तुमचा हेतू चांगला व्हता, पन आमचा खेळ करू नका. शनिवारी येऊन पोरीला घेऊन जातो, आश्रमशाळेत बोलणं झालंय.

त्या आठवड्यात मी चहाच्या ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. साळवे सरांनी विचारलं तर सांगितलं, रेंज नाही.

*

शनिवारी कवायत झाल्यावर मुलांनी स्वतःच पडण्याचा खेळ मागितला. तो त्यांचा आवडता. शाळेच्या ओट्यावर पाठ करून उभं राहायचं, हात छातीशी, डोळे मिटलेले. खाली दोन रांगांत समोरासमोर मुलं, हात पुढे करून. पडणाऱ्याने न वाकता मागे पडायचं, रांगांनी झेलायचं. ओटा काही उंच नाही आणि खाली मी सतरंजीच्या घड्या घालते. तरी मोठ्यांची छाती धडधडते. सगळी मुलं आळीपाळीने पडून झाली होती, बरीच दोनदोनदा. श्रावणी आजवर कधी चढली नव्हती. मीही कधी चढ म्हटलं नव्हतं. म्हणायची भीती वाटायची.

किसनभाऊ आले ते खेळ चालू असतानाच. वर्गातून तिचं दप्तर उचलून आणलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, होऊ द्या, मी थांबतो.

एक पोरगं पडलं, झेललं गेलं, हसत उठलं. आणि ओट्यावर श्रावणी चढली. कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांकडे तिने पाहिलंही नाही. आमच्याकडे पाठ केली आणि हात छातीशी घेतले.

खालचे हात पुढेच होते, पण आता ते हात मला खात्रीचे वाटेनात. बरोबर मध्यभागी ओमकार. एकाने जरी सवयीने हात खिशात घातले तर? बाप समोर उभा आहे. मी पटकन दोन मुलांच्या मध्ये घुसले आणि त्यांच्या हातांच्या खालून माझे दोन्ही हात घातले. कोणाला न कळेल असे, असं मला वाटलं.

श्रावणी पडेना. मी म्हटलं, पड बाळा, आम्ही आहोत.

तिने मान वळवली. माझ्या हातांकडे पाहिलं.

"बाई, तुमी हात काढा," ती म्हणाली. "तुमचं हात असल्यावर मला कळायचं कसं?"

मुलांनीही वाकून माझ्या हातांकडे पाहिलं. खेळाचा नियम मीच शिकवला होता त्यांना. कान तापले माझे. भिंतीपाशी किसनभाऊ होते, त्यांच्याकडे बघवेना. मी हात काढले आणि रांगेतून बाहेर आले. मी सोडलेल्या जागेत ओमकार अर्धं पाऊल सरकला. बाकीची एकमेकांना चिकटली.

ती पडली. सरळ, एखादी फळी पडावी तशी.

झेलली त्यांनी. आणि झेलल्यावर खाली ठेवायची असते, ते विसरूनच गेली. तशीच धरून उभी राहिली, ती आडवी, डोळे मिटलेली. शेवटी तीच म्हणाली, आता सोडा की. मग हसली सगळी. ती उतरून रांगेत ओमकारच्या समोर उभी राहिली आणि पुढच्यासाठी हात पुढे केले.

पुढचं कोणी उरलंच नव्हतं. ओमकारने भिंतीकडे पाहिलं.

"काका, आता तुमी चढा."

सगळ्या रांगेने किसनभाऊंकडे तोंड केलं. हात तसेच पुढे. श्रावणीचेही. किसनभाऊंनी त्या हातांकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे. दप्तर अंगणात मांडलेल्या माझ्या टेबलावर ठेवलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवला.

"न्हाई रं पोरांनो," ते म्हणाले. "आमाला न्हाई जमायचं."

आणि उताराने एकटेच निघून गेले. दप्तर तिथेच राहिलं. मी हाक मारली नाही.